गाडीकामाचं टेबल करतोय, बेत वाचून शिव्या घाला

सायलेन्सर_कळंबा (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या रविवारी बुलेटचे पॉइंट सेट करताना शेडमध्ये शहाबादी फरशीवर पोतं टाकून दोन तास बसलो. उठताना बायकोनं हात दिला. हात दिला त्याचं काही नाही, पण "आता ह्या वयात..." एवढंच म्हणून तिनं पुढचं वाक्य गिळलं, ते जास्त लागलं. त्याच संध्याकाळी ठरवलं, गाडी वर घ्यायची. आपण खाली बसायचं नाही.

गाड्या दोन. एक जुनी कास्ट आयर्न बुलेट, उजव्या गिअरची. दुसरी आरएक्स १००. शेड १० बाय १४ फुटांचं. बेत असा: ८ फूट लांब, २ फूट रुंद, ३० इंच उंच टेबल, म्हणजे १९ मिमीच्या एका प्लायमधून दोन फळ्या निघतात. चार पाय. छपराच्या कामातले ४० बाय ४० चे जीआय (जस्त चढवलेले) पाईप उरलेत, २ मिमी जाडीचे, तेच वापरावेत म्हणतो. चढवायला लाकडी फळी. वेल्डिंग मशीन मेहुण्याचं, वेल्डिंग माझं (इथे हसू नये).

एकच धास्ती आहे. बुलेटच्या वजनानं मधोमध वाकलं तर? ४० चा पाईप पुरेल का ५० चा घेऊ?

---

कटवडा

मेहुण्याचं मशीन, तुमचं वेल्डिंग आणि बुलेट कुणाची ते सांगा. वारसा हक्कानं लागलेली असेल तर बनवा बिनधास्त.

---

उद्यमनगरी

भावा, टेबल मोडत न्हाई. बावीस वर्षं झाली फॅब्रिकेशन करतोय. गाडीच्या वजनानं मोडलेलं टेबल अजून एक बघितलं न्हाई. कलंडलेली तीन बघितल्यात. त्यातलं एक मीच बनवलं हुतं. सुरुवातीचे दिवस, गिऱ्हाईक म्हणालं जागा कमी हाय, पाय आत घ्या. घेतले. बुलेटची टाकी चेपली, माणूस बाजूला हुता म्हणून वाचला. तवापासनं पाय आत घ्या म्हणणाऱ्याला मी चहा पाजून परत पाठवतो.

आता तुझं. जीआय पाईप वेल्डिंगला घिऊ नकोस. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतोय. पोरं गूळ खात्यात, दूध पित्यात, त्येनं काय हुत न्हाई. धूर तो धूर. तो पाईप वेलाच्या मांडवाला वापर. काळा म्हंजे बिनजस्ताचा पाईप आण, ५० बाय ५०, ३ मिमी. मीटरला सव्वाचार किलोच्या आसपास भरतोय. २० फुटी तीन पाईपांत सांगाडा बसतो, तिरक्या पट्ट्या येगळ्या. भाव इचारू नकोस, आज एक उद्या एक. वजन काढून ठेव आणि दुकानात जाऊन गुणाकार कर.

पाय चार न्हाई, सहा. मधली जोडी डबल स्टँडच्या बरोब्बर खाली, जास्त वजन तितंच येतंय. आणि वाकायचं भ्या सोड. रुंदीचं इचार.

---

आडवा_लेथ

उद्यमनगरींचं म्हणणं आकड्यांत मांडतो. पुण्यात बसून दुसरं काय करणार.

टेबल १०० किलो धरा, गाडी १९० (नवी क्लासिक ३५० साधारण १९५ ची आहे, तुमची जुनी थोडी हलकीच). मिळून २९०. पायांची रुंदी ६० सेंमी, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ३०. हँडल टेबलापासून एक मीटरवर, टेबल ७५ सेंमी, म्हणून हँडल जमिनीपासून १७५ वर. गाडी टेबलाला घट्ट बांधलेली आहे असं धरलं, तरी हँडलला धरून आडवं ढकलल्यावर टेबल उचलायला लागणारा जोर = २९० × ३० ÷ १७५, म्हणजे ५० किलो.

पन्नास किलो! गाडीला धरून तोल सावरणारा माणूससुद्धा एवढा जोर सहज लावतो. आणि हा हिशेब सावकाश ढकलण्याचा आहे, धक्क्याचा नाही.

आता पायांची रुंदी ९० सेंमी करा: २९० × ४५ ÷ १७५ = ७५ किलो. बाजूला पंधरा-पंधरा सेंमी पाय काढल्याने जोर दीडपट झाला. पाईपची जाडी ३ ची ४ केलीत तर ह्या आकड्यात वजनामुळे जेमतेम थोडी भर पडेल. लोखंड जाडीत घालू नका, रुंदीत घाला.

---

कटवडा

खाली जुन्या ऑइल इंजिनचं फ्लायव्हील ठेवलं तर? उद्यमनगरात भंगारात पडलेलं असतंय. कोल्हापूरचं टेबल, कोल्हापूरचं लोखंड.

---

आडवा_लेथ

कल्पना आवडली म्हणून तीही मोजली. ६० किलोचं फ्लायव्हील खालच्या पट्टीवर ठेवलं: ३५० × ३० ÷ १७५ = ६० किलो. म्हणजे ६० किलो लोखंड ओढून आणून फायदा १० किलोचा, आणि पाय बाजूला काढणाऱ्या पट्ट्यांचा २५ चा. फ्लायव्हील दारात ठेवा, तुळस लावा.

---

जुना_मिस्त्री

नमस्कार. मी लिहीत नाही सहसा, नातू टाईप करतोय.

लेथवाल्या साहेबांचा हिशेब बरोबर, पण जोर कधी आडवा लागतो ते हात काळे केल्याशिवाय कळत नाही. एक्सलचा नट सोडताना पाईप घालून ओढलं तर गाडी पुढंमागं जाते, आडवी नाही. त्याला पट्टा आणि चाकापुढचा अडसर पुरतो. खरा धोका नट सुटल्यावर. पावसाळे खाल्लेल्या गाडीचा एक्सल आत गंजून बसलेला असतो. मग एका बाजूनं पितळी सळई लावायची आणि हातोडा. तो प्रत्येक ठोका आडवा. दहा ठोके सरळ जातात, अकराव्याला गाडी हलते आणि माणूस सळई सोडून गाडी धरायला जातो. तिथं कलंडतं. स्विंग आर्मचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा, बोल्ट ठोकून काढतानाही तेच.

दुसरं, मागच्या चाकाखाली खिडकी ठेवा. जमिनीवर असताना चाक काढायला आपण गाडी तिरकी करतो, मडगार्डखालून सरकवून घेतो. टेबलावर तिरकी करणार का? नाही. म्हणून फळीला भोक पाहिजे. पुरं चाक खाली उतरेल एवढं मोठं नको, नाहीतर स्टँडचे पाय भोकात यायचे. बुलेटचं चाक टायरसकट २६ इंचांच्या घरात आहे. आसाच्या पुढं ८ इंच, मागं १४, अशी २२ इंच लांब, फूटभर रुंद खिडकी. चाक थोडं उतरवून मागं ओढायचं, की सहा इंच खाली बसतं आणि मोकळं होतं. खिडकी सांगाड्याच्या दोन लांब पाईपांच्या मध्ये यावी, पाईप कापायचा नाही.

मापं कागदावर काढू नका. प्लाय जमिनीवर टाका, गाडी त्यावर डबल स्टँडला घ्या, आणि खडूनं स्टँडच्या पायांभोवती गोल काढा. ज्या गाड्या चढवणार त्या सगळ्यांचे.

---

गौरी_फटफटी

काका, दंडवत! खडूचं लक्षात ठेवते.

धागाकर्ते दादा, चढवणार कशी त्याचं कुणी बोलेना. ३० इंच उंची आणि ८ फुटी फळी, म्हणजे १९० किलोच्या गाडीला नुसतं वर सरकवायलाच ५९ किलोचा जोर. त्यात तुम्ही गाडीच्या डाव्या बाजूला चालणार. फळी एक फूट रुंद, गाडी फळीवर, तुम्ही कुठे? अर्ध्या वाटेत तुमचे पाय जमिनीवर आणि हँडल डोक्याच्या वर. मी एकदा ह्याच अवस्थेत शेजारच्या काकूंना हाका मारल्यात. त्या पीठ मळत होत्या, तशाच हातांनी आल्या. टाकीवर पाच बोटं उमटली, अजून फोटो आहे.

तेव्हा फळ्या दोन. एक गाडीची, शेजारी एक आपण चालायची. लाकूड नको, कडांना अँगल लावलेली चेकर प्लेट, म्हणजे उठावाच्या नक्षीचा लोखंडी पत्रा. गाडीची फळी टेबलाला नुसती टेकवायची नाही, कडीत पिन घालून अडकवायची. मागचं चाक वर येताना फळीला मागे ढकलतं, तिथे ती सुटते. इंजिन चालू करून क्लचवर चढवायचं तर मनातसुद्धा आणू नका.

एकटी असेन तेव्हा टेबलाच्या पुढच्या टोकाला हँड विंच, म्हणजे हातानं फिरवून पट्टा गुंडाळत गाडी ओढणारं यंत्र. खटक्याचा घ्यायचा, म्हणजे मूठ सुटली तरी गाडी मागे येत नाही. पट्टा हँडलला नाही, खालच्या टीला (हँडलखाली पुढचे दोन शॉकअप धरणारा जोड). उंचीही २४ इंच करा असं सुचवेन. स्टुलावर बसून कार्ब्युरेटर बरोबर डोळ्यांसमोर येतो, चढही कमी.

---

घाटरस्ता

एवढी फळी न विंच कशाला? खाली बॉटल जॅक लावून वर उचलणारं टेबल करा की. व्हिडिओत बघितलं, दोन आडव्या चौकटी, चार तिरके हात, मध्ये जॅक. दोन टनाचा जॅक, गाडी दोनशे किलोची. खेळ खल्लास.

---

आडवा_लेथ

खेळ खल्लास होतो, पण कुणाचा ते बघा. त्या टेबलाचे हात सुरुवातीला जवळजवळ आडवे असतात. १० अंशाला असताना वरची चौकट आडवं ढकलून उचलायची, तर वजनाच्या साडेपाचपटीहून जास्त जोर लागतो. गाडी आणि वरची चौकट मिळून २५० किलो धरलं तर १४०० किलोच्या वर. ४५ अंशाला तोच जोर २५० वर येतो. म्हणजे जॅकचा, पिनांचा आणि तुमच्या वेल्डिंगचा सगळ्यात मोठा कस पहिल्याच दोन इंचांत. शिवाय बरेच बॉटल जॅक आडवे धरल्यावर तेलच ओढत नाहीत, पंपाची बाजू खाली ठेवावी लागते.

---

उद्यमनगरी

आणि वर गेल्यावर जॅकच्या भरवशावर त्येच्या खाली हात घालायचा न्हाई. सील कधी सांगून जात न्हाई. आमच्या गल्लीतल्या एका पोरानं असलं टेबल केलतं, लै देखणं. दुपारी जेवायला गेला तवा वर हुतं, आला तवा चार इंच खाली आलतं. हात अडकला नव्हता म्हणून आपण हसतोय. केलंच तर २० मिमीची पिन आरपार, दोन्ही बाजूंनी. टेबल वर घे, पिन घाल, जॅक सोड, वजन पिनवर बसव, मग पाना हातात घे.

---

कुंभारगल्ली

अवांतर: आमचं टेबल शाहूपुरीत तळघरवजा खोलीत होतं. २०१९ च्या पुरात घर सोडताना वडिलांनी आरएक्स टेबलावर चढवली, चारही बाजूंनी बांधली आणि कुलूप लावलं. पाणी उतरल्यावर बघितलं तर चिखलाची रेघ क्रँककेसच्या खाली दोन बोटं. गाडी वाचली. टेबलाचा प्लाय मात्र पुरणपोळीसारखा फुगून पदर सुटले. साधा कमर्शियल होता. तेव्हा फळी घेताना मरीन घ्या, आयएस ७१० चा शिक्का बघून. पूर येवो न येवो, पेट्रोल-ऑइल-रॉकेल सांडणारच आहे. वरून पातळ पत्रा मारला तर लाकूड पेट्रोल पीत नाही, आणि ठिणगीचं भय कमी.

२०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा वडील छत्री घ्यायच्या आधी पट्टे शोधत होते.

---

सायलेन्सर_कळंबा (धागाकर्ता)

वाखूसा (वाचनखूण साठवली) म्हणावं तर धागाच माझा आहे! सगळ्यांचे आभार. जीआय पाईप बाद. जॅक बाद. मूळ बेतातलं फक्त प्लाय उरलं, तेही आता मरीन.

दोन शंका. गाडी बांधायची नक्की कुठे? आणि वेल्डिंगला रॉड कुठला, माझं मागचं काम एका बाजूला ओढलं गेलं होतं.

---

उद्यमनगरी

६०१३ चा रॉड, १० नंबर म्हणजे ३.१५ चा. मशीन ११० अँपियरच्या आसपास ठेव, पाईपच्या उरलेल्या तुकड्यावर आधी चालवून बघ. ओढलं गेलं कारण तू एक कोपरा पुरा भरून मग दुसऱ्याकडं गेलास. आधी सगळीकडं नुस्ते टाके मार. गुण्या लाव, मग दोन्ही कर्ण टेपनं मोज. दोन मिलीच्या वर फरक असला तर टाका तोडून सरळ कर, लाजायचं न्हाई. मग एक कोपरा हिकडं, दुसरा त्येच्या समोरचा, असं फिरत फिरत भर. पायांना तिरक्या पट्ट्या तिन्ही बाजूंनी, नुसता चौकोन डुलतोय.

पट्टे अडकवायच्या कड्या १० मिलीच्या सळईच्या, सांगाड्याला जोड. प्लायला हूक मारलास तर स्क्रूसकट उपटून येतंय.

आणि एक. टेबलावर गाडी असताना टेबलाला वेल्डिंग करू नकोस. अर्थिंग लांब लागलं तर करंट बेअरिंगमधनं वाट काढतोय. पेट्रोलचं तर सांगायलाच नको.

---

जुना_मिस्त्री

पट्टे चार. पुढचे दोन खालच्या टीवरून दोन्हीकडं खाली-पुढं ओढायचे, शॉकअप निम्मे दबतील एवढेच. पूर्ण दाबून रात्रभर ठेवलं तर ऑइल सील जातं. मागचे दोन चौकटीला, सीटच्या कडीला नको.

पुढच्या चाकाचा शिकंजा चांगला असतो, पण तो एकटा नको. उद्या पुढचंच चाक काढायचं झालं तर शिकंजा काय धरणार? डबल स्टँडवर मागचं चाक अधांतरी असतं, म्हणजे वजन पुढं. पुढचं चाक काढलंत की गाडी नाक टेकणार, इंजिनखाली ठोकळा आधी द्या. आणि इंजिन उतरवलंत की उलटं, वजन मागं जातं, गाडी मागच्या चाकावर बसते. हे जमिनीवर झालं तर आपण हसतो.

---

घाटरस्ता

फरशीला अँकर बोल्ट मारून टेबल पक्कं केलं तर सगळाच प्रश्न मिटला ना?

---

उद्यमनगरी

शहाबादीत अँकर धरत न्हाई, फरशी फुटती. खाली चांगलं काँक्रीट असंल तर मार.

---

सायलेन्सर_कळंबा (धागाकर्ता)

सहा आठवडे झाले. टेबल उभं आहे.

उंची शेवटी २६ इंच केली, गौरीताई आणि माझ्या गुडघ्याच्या मधली. पाईप ५० चा, सहा पाय. वजन न करताच सांगतो, तीन जणांनी उचललं आणि तिघंही दुसऱ्या दिवशी बोलले नाहीत. रेड ऑक्साईड मारून त्यावर हिरवा रंग, कारण डबा हिरवा होता. पायांना बाजूला काढलेल्या पट्ट्या धरून रुंदी ९० सेंमी. आता गंमत ऐका. टेबल अंगणात जोडलं. शेडचं दार ८६ सेंमी. सगळी कॉलनी गॅलरीतून बघत होती. पट्ट्या कापल्या, प्रत्येकीला १२ च्या बोल्टची दोन भोकं पाडली, आत नेऊन पुन्हा आवळल्या. मेहुणा म्हणाला, आधी दार मोजायचं असतं. त्याचं मशीन आहे म्हणून ऐकून घेतलं.

पहिली बुलेट चढवली. मी, मेहुणा आणि विंच. खटका टक् टक् वाजत होता तोपर्यंत कुणी श्वास घेतला नाही. डबल स्टँडला घेतली, चार पट्टे आवळले, हँडल धरून आडवं हलवलं. टेबलासकट सगळं एकच हललं, गाडी वेगळी नाही. लेथसाहेब, पन्नास किलो लावून बघायचं धाडस झालं नाही.

मग काकांची खिडकी. मागचा एक्सल गंजलेलाच होता. पितळी सळई, हातोडा, चौदाव्या ठोक्याला सुटला. चाक उतरवलं, मागं ओढलं, बाहेर आलं. आयुष्यात पहिल्यांदा बुलेटचं मागचं चाक काढताना माझा शर्ट पांढरा राहिला. ब्रेक शूवर धूळ एवढी होती की आतलं अस्तर दिसेना.

काल आरएक्स चढवली आणि घोळ समजला. काका, खडूचे गोल मी फक्त बुलेटचे काढले होते. आरएक्सचं पुढचं चाक अडसराला लावून डबल स्टँडला घ्यायला गेलो, तर स्टँडचे दोन्ही पाय खिडकीच्या पुढच्या काठावर, अर्धे झाकणावर. ती लहान गाडी असून तिचा स्टँड इतका मागे येईल असं वाटलं नव्हतं. झाकण करकरलं तसा मेहुण्यानं मागून कॅरिअर धरलं, मी पुढून ओढली. आता गाडी साइड स्टँडवर जमिनीवर आहे, आणि मी पुन्हा पोत्यावर.

---

जुना_मिस्त्री

सगळ्या गाड्यांचे म्हटलं होतं. असो. खिडकी बदलू नका, अडसर बदला. तो वेल्ड केला असेल तर कापा, त्याला सरकती पट्टी करून तीन ठिकाणी पिनेची भोकं पाडा. आरएक्स चार-सहा इंच पुढं गेली की पाय पक्क्या फळीवर येतील. आणि झाकणाखाली ५० बाय ६ ची पट्टी दोन्ही कडांना टाका, चुकून पाय आला तरी धरेल.

---

गौरी_फटफटी

दादा, खडू आहे का शिल्लक? मी येत्या रविवारी माझी स्प्लेंडर घेऊन येते, तिचेही गोल काढून घ्या. चहा तुमच्याकडे.

---

सायलेन्सर_कळंबा (धागाकर्ता)

या. दार ८६ सेंमी आहे, स्प्लेंडर जाते. मोजलंय.